मुंजाभाऊंची घडी

रात्री साडेअकराला, मोबाइल उशाशी तिरपा धरून
मी ती साडी पहिल्यांदा पाहिली.
मोरपंखी. काठ चांगला चार बोटं रुंद.
तळ्याकाठी ती नेसून उभी असलेली बाई
माझ्यासारखी अजिबात नव्हती. तरी वाटलं,
भाच्याच्या लग्नात, सेलूच्या मंगल कार्यालयात
आपण अशाच उभ्या राहू,
मागं तळं नसलं म्हणून काय झालं.

किंमत खोडलेली, चार हजार नऊशे.
खाली नऊशे नव्व्याण्णव.
आणि एक घड्याळ उलटं पळत होतं :
सात मिनिटं, सहा, पाच अठ्ठावन्न...
दुकानाचं नाव बापजन्मात ऐकलेलं नव्हतं.
पंचवीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला
उलटी मोजणी तरी ओळखू यायला हवी होती.

नवव्या दिवशी मुंजाभाऊ आले.
डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पोत्याएवढी काळी पिशवी.
हो, तेच.
झंवरांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून
साडीवर साडी उलगडणारे.
"नका घेऊ माय, पण बगा तर.
बगायला काय पैशे पडतेत?"
मग पदर चिमटीत धरून दारापर्यंत न्यायचे.
ट्यूबलाइट दुकानदाराची असती, म्हणायचे,
रंग उन्हाला विचारावा.
त्या गादीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

पाकीट देताना त्यांनी ते अंगठ्यानं एकदा दाबलं.
थांबले.
"आधी पैशे, बाई. मंग उघडायचं. नियमच तसा हाय."

मोरपंखी नव्हतीच.
पाण्याच्या टाकीत तळाशी धरतं तसलं शेवाळ,
तेही दोन ठिकाणी उडालेलं.
काठ विणलेला नाही, छापलेला.
नखानं खरवडला, सोनं नखात आलं.
रॉकेलचा वास. लांबी कशीबशी साडेचार मीटर.
सोबत एक चिठ्ठी : आपले समाधान हाच आमचा आनंद.
खाली फोन नंबर.
मी तीनदा मोजले, आकडे नऊच.
पत्ता सुरतेचा, लाल बिल्डिंगच्या मागे.

"मुंजाभाऊ, तुमच्या हाताला कळलं होतं ना?"
ते हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.
"कळलं. वजनावरच कळलं."
"मग बोलला कामून नाहीत?"
"पार्सलमागं बारा रुपये मिळतेत, बाई.
परत गेलं की ते बी नाही.
वर हापिसातून फोन,
गिऱ्हाइकाला काय शिकवलं म्हणून."

मग आवाज खाली आणून,
"ह्याच्याच घरची आणखी तीन हायेत पिशवीत.
सगळी स्टेशनकडची.
सांगू का त्यांना? तुम्ही म्हणा."

नावं त्यांनी सांगितली नाहीत.
मला विचारायची गरज नव्हती.
शाळेच्या ग्रुपवर ती लिंक मीच टाकली होती,
बाराला दोन मिनिटं कमी असताना,
लवकर घ्या गं, स्टॉक संपत आलाय, असं लिहून.
कळंबे बाईंनी तर अंगठा दाखवून
वर दोन फुलंही पाठवली होती.

मी म्हटलं, पाणी आणते.

पेला घेऊन बाहेर आले तर
मुंजाभाऊंनी साडी ओट्यावर पसरली होती.
बोलत काही नव्हते. हात आपोआप चालले होते :
काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा,
उडालेला रंग आतल्या पदरात,
सुरकुती तळव्यानं बाहेर ढकललेली,
शेवटी वरून एक हलकी थाप,
तीस वर्षांची.

खरं सांगते, त्या घडीत ती साडी
हुबेहूब फोटोतल्यासारखी दिसत होती.

पेला पालथा घालून ते गेले.
गाडी स्टेशनकडं वळली.
मोबाइल माझ्या हातात होता,
ग्रुप उघडलेला,
आणि मी अजून पहिलाच शब्द शोधत होते.